आडोसा मागायचा कुणाकडे?

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७० साली आला. दोनच वर्षांनी बासू चॅटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला, जया भादुरी आणि अनिल धवनला घेऊन. मूळ गोष्ट वपु काळ्यांची. या गोष्टीत खलनायक नाही. लग्न झालंय, घरातली माणसं प्रेमळ आहेत, आणि तरी नवरा-बायकोला एकमेकांशी धड बोलायला जागा नाही. हिंदी सिनेमात नव्या जोडप्याचं अंथरूण स्वयंपाकघरात पडतं. आणि स्वयंपाकघरात झोपणाऱ्याच्या घरी रात्री कोण कधी पाणी प्यायला उठेल याचा नेम नसतो.

वपु मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट होते, हे लक्षात ठेवून ही गोष्ट पाहावी. भिंतींशी ज्याचा रोजचा व्यवहार, त्याने भिंत नसलेल्या संसाराची गोष्ट लिहिली. आणि आर्किटेक्ट असूनही उत्तर म्हणून भिंत सुचवली नाही. हिंदी सिनेमाच्या शेवटी घर मोठं होत नाही, घरातली माणसं मन मोठं करतात. जो तो आपापल्या परीने थोडं सरकायला तयार होतो. आपण डोळे पुसतो आणि सिनेमा संपतो.

हा शेवट मला आवडतो आणि पटत नाही. एकांत ही इथे वडीलधाऱ्यांनी दिलेली भेट आहे. माणसं चांगली निघाली म्हणून ती मिळाली. ती तशी नसती तर? ज्या सुनेची सासू सरकली नसती, तिचं काय, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. विनोदी कौटुंबिक सिनेमाने तो विचारावा अशी सक्तीही नाही. पण पन्नास वर्षांनी आपले फोन, ॲप्स, सरकारी पोर्टल आणि कायदा तयार करणाऱ्यांनी तरी तो विचारायला हवा होता.

आता हे सिनेमे आपण फोनवर बघतो, कानात इअरफोन खुपसून, बऱ्याचदा तेवढ्याच दोन खोल्यांत. त्या जोडप्याकडे फोन असते तर सिनेमा दहा मिनिटांत संपला असता असं वाटून जातं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मेसेज गेला असता आणि काम झालं असतं. पण तो फोन त्या घरात कुठे असता ते डोळ्यांसमोर आणा. खोलीतल्या एकुलत्या मोकळ्या प्लगला चार्जिंगला लावलेला, फ्रिजवर. दुपारी त्यावर पुतण्या गेम खेळणार. संध्याकाळी सासूबाई गावच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावणार आणि 'अगं, हा कसा बंद करायचा' म्हणून पुन्हा सुनेच्याच हातात देणार. फोन तिचाच, वापर सगळ्यांचा.

फोन बनवणाऱ्याच्या डोक्यातला माणूस असा नसतो. त्याच्या कल्पनेत एक फोन, एक माणूस, आणि धोका बाहेरून येणारा: हॅकर, चोर, फार तर जाहिरात कंपनी. लालबागच्या सिंगल रूममध्ये धोका, जर त्याला धोका म्हणायचं असेल, तर शेजारी बसून भाजी निवडत असतो आणि तो आपल्यावर जीव टाकत असतो. त्याच्यापासून काहीतरी राखायचं असतं. आणि राखतोय हे त्याला दिसता कामा नये. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे.

चाळीला ही अट ठाऊक होती. चाळीत प्रायव्हसी नव्हती असं आपण सरसकट म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. भिंती कमी होत्या, म्हणून रिवाज जास्त होते. दिवसा दार उघडंच ठेवायचं, कारण बंद दार म्हणजे बातमी. गॅलरीतून जाताना दुसऱ्याच्या खोलीत सरळ बघायचं नाही, नजर समोर ठेवायची. आत शिरण्याआधी खाकरायचं. मोरीला दरवाजा नसेल तर पडदा, पडदा नसेल तर बाहेरच्यांनी पाठ करायची. नवं जोडपं असेल तर घरातले पुरुष उकाड्याचं निमित्त काढून गॅलरीत किंवा गच्चीवर पथारी टाकायचे. 'बटाट्याची चाळ'मध्ये पु.ल. देशपांड्यांनी गच्चीसाठीच्या चळवळीवर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. ते संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचं विडंबन म्हणून आपण हसत वाचतो. पण दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांत राहणाऱ्यांना गच्ची का हवी असते, हे ध्यानात घेऊन वाचलं की त्या हसण्याखाली एक खरी मागणी सापडते.

आणि पी.पी. नंबर. आज विशीत असलेल्यांना हे सांगावं लागेल. अख्ख्या मजल्यावर एकाकडे फोन असायचा. बाकीचे आपल्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर त्याचाच नंबर द्यायचे आणि पुढे पी.पी. लिहायचे. फोन आला की गॅलरीतून हाक. मग तुम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या कुटुंबासमोर बोलायचं. अशा वेळी सभ्य शेजारी काय करायचा? रेडिओचा आवाज जरा वाढवायचा. किंवा आत जाऊन डबे आवरायचा. ऐकू येत होतं हे दोघांनाही माहीत असायचं, पण ऐकलं नाही असं दोघांनी ठरवलेलं असायचं. असभ्य शेजारी आवाज कमी करायचा. अशांच्या घरी मुली फोनवर फक्त 'हो', 'नाही' आणि 'बघते' एवढंच बोलायच्या.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी वस्तू म्हणजे ट्रंक. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार एका खोलीत कितीतरी जण राहायचे. पाळ्या वेगळ्या, म्हणून झोपायच्या वेळाही वेगळ्या. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. खोली कुणाचीच नाही, पण भिंतीला लागून प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक असायची आणि तिला कुलूप. आत काय? गावची पत्रं, पोस्टाचं पुस्तक, एखादा फोटो, एक ठेवणीतला सदरा. त्या कुलपाचा कुणाला राग येत नसे. 'आमच्यावर विश्वास नाही का' असं कुणी विचारत नसे. कारण कुलूप सगळ्यांच्याच ट्रंकेला असायचं. ट्रंकेला कुलूप असायचंच, जसा शर्टाला खिसा असतो.

समजा, दहा ट्रंकांपैकी नऊ उघड्या आणि एकीलाच कुलूप. आता ते कुलूप राखण करतंय की चुगली?

आपल्या फोनमधल्या प्रायव्हसीच्या सोयी या एका कसोटीवर घासून बघायला हरकत नाही. एप्रिल २०१६मध्ये व्हॉट्सॲपने सगळ्यांच्या सगळ्या संभाषणांना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन लावून टाकलं. म्हणजे मेसेज पाठवणारा आणि वाचणारा सोडून मधल्या कुणाला, कंपनीलासुद्धा, तो वाचता येत नाही. तुम्ही काही दाबलं नाही, कुठे टिक केलं नाही, कुणाला कळलंही नाही. तुमच्या आजीलाही तेच कुलूप मिळालं आणि गुन्हेगारालाही, म्हणून सरकारं नाराज आहेत. पण ही ट्रंक आहे. सगळ्यांना एकाच दिवशी कुलूप लागलं, त्यामुळे कुणाचंच कुलूप उठून दिसलं नाही.

आता दुसरी सोय पाहा. मे २०२३मध्ये त्याच कंपनीने 'चॅट लॉक' आणलं. एखादं संभाषण वेगळं काढून बोटाच्या ठशाखाली ठेवता येतं. छान. फक्त सुरुवातीला त्याचा एक फोल्डर चॅटच्या यादीत दिसायचा, 'लॉक केलेली चॅट' अशा अर्थाच्या नावाने. म्हणजे नऊ उघड्या ट्रंका आणि एक कुलूपबंद, वर पाटी: इथे काहीतरी आहे. फ्रिजवरचा फोन घेऊन बहिणीला कॉल लावणाऱ्या सासूबाईंना आता संशय घ्यायला शोधाशोध करावी लागत नाही. कंपनीला हे लवकरच उमगलेलं दिसतं. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर 'सीक्रेट कोड' आला: फोल्डर यादीतून गायब, शोधायच्या चौकटीत ठरावीक शब्द टाकला तरच उघडणार. या सहा महिन्यांच्या फरकावर डिझाइन शिकणाऱ्यांनी एक तास खर्च करावा. कुलूप पहिल्यापासून पक्कंच होतं, नंतर ते दिसेनासं केलं. मात्र तो कोड लावायला सेटिंगच्या आतल्या सेटिंगमध्ये जावं लागतं, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना तो तिथे आहे हे कोण सांगणार, हा प्रश्न तसाच राहतो. पाठवलेला मेसेज 'सगळ्यांसाठी' डिलीट केला की मागे डिलीट केल्याची पाटी उरते, तीही त्याच घराण्यातली. चोराने चोरी करून पावती ठेवावी तसं.

फेसबुकने जून २०१७मध्ये भारतातल्या बायकांसाठी म्हणून प्रोफाइल फोटोवर एक 'गार्ड' आणला होता. इथल्या संस्थांशी बोलून, बायका आपला फोटोच का लावत नाहीत हे विचारून. फोटो डाउनलोड करता येणार नाही, शेअर करता येणार नाही, भोवती निळी किनार आणि खाली ढाल. विचारून बनवलं ही गोष्ट कौतुकाचीच, असं क्वचित घडतं. पण ती ढाल बघून मला गावच्या जत्रेत आईचा पदर धरून चालणारी मुलगी आठवते. भीती वाटते हे सगळ्या जत्रेला कळतं. तीच सोय सगळ्यांच्या फोटोंना, न सांगता, न दाखवता लावता आली असती. मग ढालीची गरजच नव्हती.

माझं हे म्हणणं नुसतं चाळीच्या आठवणींवर उभं नाही. नित्या सांबशिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ जणांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. विषय हाच: फोन घरात फिरतो तेव्हा बायका आपलं खासगी कसं राखतात. कुणी पूर्ण फोनला कुलूप लावतं, कुणी एखाद्याच ॲपला, कुणी सगळं पुसून टाकतं, कुणी नेमका एक फोटो किंवा एक मेसेज पुसतं, आणि कुणी काही गोष्टी फोनवर करायच्याच नाहीत असं ठरवतं. यातला नेमकं पुसण्याचा प्रकार मला फार ओळखीचा वाटला. सगळी हिस्ट्री कोरी दिसली की कोरेपणच बोलतं. म्हणून भाज्यांच्या रेसिपी आणि भजनं राहू द्यायची आणि मधली एकच ओळ काढायची. ही कारागिरी आहे, आणि ती कुठल्याही कंपनीच्या मदतपानावर सापडणार नाही. त्या निबंधाच्या शीर्षकात एका बाईचे उद्गार आहेत. त्यांचा आशय असा, की प्रायव्हसी हे आपल्यासारख्यांचं काम नाही, ती श्रीमंत बायकांची गोष्ट.

गंमत म्हणजे हाच युक्तिवाद त्याच्या आदल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने झाला होता, अर्थात सुटाबुटात. पुट्टास्वामी खटल्यात. प्रायव्हसी हे वरच्या वर्गाचं कौतुक आहे, गरिबाला अन्न हवं, असा त्याचा सूर. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला आणि प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. पण न्यायालयात फेटाळलेला युक्तिवाद त्या बाईच्या तोंडी तसाच राहिला, कारण तिच्या फोनमध्ये काहीच बदललं नव्हतं.

यात थोडा हात भाषेचाही आहे. फोनची भाषा मराठी केली की प्रायव्हसीचं 'गोपनीयता' होतं. गोपनीय म्हटलं की लाल फितीची फाइल आणि परीक्षेचे पेपर डोळ्यांसमोर येतात. 'खासगी' म्हटलं की शिकवणी आणि बस. 'एकांत' कवींनी नाहीतर साधूंनी पळवलेला. या अर्थाचा घरातला शब्द आपल्याकडे आहे आणि तो रोज वापरलेला आहे: आडोसा. कपडे बदलायला आडोसा लागतो, बाळाला पाजायला लागतो, रडायला लागतो. आडोसा मागताना कुणी अपराधी होत नाही. आणि आडोशामागे काय चाललंय हे विचारायचं नसतं. सेटिंगमध्ये 'आडोसा' लिहिलं असतं तर किती जणींनी तिथे बोट लावलं असतं, असं मला उगाच वाटत राहतं.

कंपन्यांचं एक वेळ सोडा. त्यांना कॅलिफोर्नियात बसून परळची खोली दिसली नाही, समजू शकतो. पण मुंबईतच बसलेल्या राज्य सरकारला ती दिसायला हवी होती. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४च्या जुलैपासून सुरू झाली: २१ ते ६५ वयाच्या बाईला, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, महिन्याला १५०० रुपये, तिच्या स्वतःच्या खात्यात. योजनेच्या राजकारणावर हवं ते म्हणा. पण कुणापुढे हात न पसरता येणारे १५०० रुपये म्हणजे एका अर्थाने आडोसाच. त्यातून मुलीच्या क्लासची फी भरायची की स्वतःचे दात दाखवायचे की नुसते साठवायचे, हे तिचं तिने ठरवायचं.

सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. पोर्टलवर तिचा आधार क्रमांक आणि तिच्या मोबाइलवरचा ओटीपी. इथवर ठीक. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. ज्यांचे नवरा आणि वडील हयात नाहीत, त्यांनी काय करायचं याची सोय ओरड झाल्यावर नंतर केली गेली. मुदतही वाढवली गेली. पण मला अडकायला होतं ते अपवादांच्या यादीपाशी नाही, मूळ कल्पनेपाशी. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं होतं, ही सरकारची गरज रास्त मानू. त्यासाठी सरकारला नवऱ्याची माहिती हवी होती, तर सरकारने ती मिळवायची. ती आणायला बायकोला पाठवायचं कशाला? जी नवऱ्याला सोडून माहेरी आली आहे आणि जिचा घटस्फोट कागदावर झालेला नाही, तिने त्याला फोन लावून सहा आकडे विचारायचे. जिने हे पैसे घरात सांगितलेच नव्हते, तिचं गुपित त्या ओटीपीच्या मेसेजसोबत नवऱ्याच्या खिशात जाऊन वाजणार. कुणी वाईट हेतूने हे केलं असं मी म्हणत नाही. कुणीतरी एका टेबलाशी बसून फॉर्म आखला आणि त्या टेबलावरून घर एकसंध दिसलं, 'पिया का घर'सारखं: माणसं प्रेमळ, कर्ता पुरुष समजूतदार, मागितलं की ओटीपी देणारा.

केंद्राच्या कायद्याचंही काही वेगळं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३चा. त्याची एक नवलाई म्हणजे तो व्यक्तीला, मग ती कुणीही असो, 'ती' म्हणतो. आपल्या कायद्यांत सर्वत्र 'तो' असतो आणि त्यात 'ती' धरून चालायचं असतं, इथे उलट. आणखी एक चांगली गोष्ट: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. पण याच कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते, आणि मुलाच्या बाबतीत माहितीचा धनी या व्याख्येत पालकही येतात. आठ वर्षांच्या मुलासाठी हे योग्यच. दादरला कॉलेजात जाणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचं काय? तिला मासिक पाळीचं ॲप हवंय, किंवा मन ठिकाणावर नाही म्हणून कुणाशी तरी बोलायचंय. तिला आडोसा हवाय तो नेमका घरच्यांपासून. आणि कायदा म्हणतो, आधी त्यांना विचारून ये. व्याकरणात 'ती', हक्कात बाबा.

आता चाळीच उरल्या नाहीत, मग ही चर्चा कशाला, असंही कुणी म्हणेल. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५मध्ये ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाचंही काम सुरू आहे. शंभर वर्षं सार्वजनिक संडासापुढे रांग लावलेल्यांना स्वतःच्या घरात कडी मिळणं ही साधी गोष्ट नाही आणि तिच्यावर कुणी चाळीच्या आठवणींचे उमाळे काढू नयेत. पण लालबाग-परळमधल्या टॉवरच्या गेटवर काय होतं तेही पाहा. येणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, बऱ्याच ठिकाणी फोटोही. आणि ते गेटवरच्या ॲपमधून वरच्या घरातल्या ज्याच्या फोनवर जाईल त्याच्या फोनवर. चाळीत कोण कुणाकडे आलं हे सगळ्यांना दिसायचं, पण संध्याकाळपर्यंत विसरलं जायचं. फार तर पुढच्या गणपतीपर्यंत चघळलं जायचं. आता ते कुठल्याशा सर्व्हरवर तारखेसकट पडून असतं. आणि हे बघणाऱ्याने खाकरण्याची, पाठ करण्याची, रेडिओ मोठा करण्याची पद्धत काही तिथे आलेली नाही.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७ उजाडेल. आज सतरा वर्षांची असलेली मुलगी तोवर अठराची झालेली असेल आणि तिचा प्रश्न मिटेल. तिच्या धाकट्या बहिणीचा तेव्हा सुरू होईल. ती सध्या आईच्या फोनवर अभ्यास करते, आणि झाला की फोन परत फ्रिजवर ठेवण्याआधी काहीतरी एक, एकच, पुसते.